भार खांबांवर, भिंत आडोशापुरती

महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावात, सरासरी पाचशेच्या आसपास. मधले अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. सांगलीचेही तसेच आहे: शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात भाताची खाचरे, तर जत-आटपाडीत उन्हाळा लागला की टँकर. साहजिकच या मुलखात छपरे कधी एका जातीची नव्हती. पश्चिमेला उतरती, गवताने शाकारलेली किंवा कौलारू घरे, आणि पावसाळ्यात भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी. पूर्वेला सपाट मातीची धाबी: कड्या आणि पाट, त्यावर काटक्या आणि पाला, त्यावर चिखल, सर्वात वर पांढऱ्या मातीचा थर, आणि तुरळक पडणारे पाणी बाहेर टाकायला पन्हळ. छपरे इतकी वेगळी असूनही दोन्हीकडे घर मोजायची रीत मात्र एकच होती. घर खणांत मोजत. तीन खणी सोपा, पाच खणी माजघर, असे. या खणात आपल्याकडच्या घरांचा बराच इतिहास दडलेला आहे, आणि जुन्या वाड्यांचा 'पुनर्वापर' म्हणून आज जे मोठ्या कौतुकाने मांडले जाते त्याचे उत्तरही त्यातच आहे. माझे म्हणणे असे की सातारा-सांगलीकडे घराचा वापर बदलत जाणे हीच जुनी चाल होती. वाडा जसाच्या तसा गोठवून जपायचा, ही कल्पना मागाहून आली. आणि जे वाडे आजवर टिकले त्यांतले बहुतेक बदलत गेल्यामुळेच टिकले.

खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे. जमिनीत दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. वरच्या मजल्याचा आणि छपराचा भार या सांगाड्यातून जमिनीत उतरतो. भोवतीची भिंत जाडजूड दिसते, खाली दगडमातीची, वर विटांची, दीड-दोन फूट रुंद. पण मधल्या बहुतेक भिंतींचे काम आडोशाचे, ऊन-पाऊस अडवण्याचे. अशी एखादी भिंत काढली तरी तुळई जागची हलत नाही. दोन खणांची खोली करायची तर मधला आडोसा उतरवायचा, आणि भावाभावांत वाटणी झाली की तोच पुन्हा घालायचा. सुतार आणि गवंडी यांना हे काम चार दिवसांचे. जुन्या वाड्यातला एखादा खांब जवळून पाहिला तर त्यावर हा सगळा हिशेब लिहिलेला सापडतो. कमरेच्या उंचीवर बुजवलेली एक खाच, म्हणजे तिथे कधीतरी फळ्यांची भिंत होती. थोडे वर झोपाळ्याच्या कडीचे भोक. बाजूने विजेच्या जुन्या तारांची लाकडी पट्टी आणि चिनीमातीचे बटण. खाली तळखड्याशी शहाबादी फरशी कापून बसवलेली, कारण फरशी खांबानंतर शंभर-दीडशे वर्षांनी आली. तेवढ्या एका खांबाभोवती ओटा, दुकान, बिऱ्हाड आणि वर्ग अशा चार पिढ्या नांदून गेलेल्या असतात.

उष्ण हवेत अशा घराचा फायदा काय, हे सांगताना लोक बहुधा भिंतीची जाडी आणि चौक एवढ्यावर थांबतात. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. दोन फुटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी लागलेले ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून माजघर भर दुपारी गार राहते. कौलांखाली पोटमाळा असला की तापलेली हवा माळ्यावरच अडकते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. चौकात रात्री थंड हवा उतरते आणि सकाळी उशिरापर्यंत सोप्यावर रेंगाळते. यात एक अट मात्र आहे. तेच माजघर रात्री कोंदट आणि उबट होते, कारण दिवसभराचे ऊन तेव्हा आत पोचलेले असते. म्हणून घर गार ठेवण्याइतकेच माणसाने घरात जागा बदलत राहणे गरजेचे होते. उन्हाळ्यात दुपार माजघरात, संध्याकाळ ओट्यावर, रात्र पूर्वेकडच्या गावांत धाब्यावर आणि पश्चिमेकडे अंगणात किंवा माडीच्या सज्ज्यात. पावसाळ्यात सोप्यावर वाळत घातलेली धुणी आणि बळदातल्या धान्याची राखण. खोलीला नाव होते, पण तिचे काम प्रहराप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलत असे. पलंग, सोफा, जेवणाचे टेबल असे जड सामान आले आणि प्रत्येक खोली एका कामाला जखडली गेली. मग तीच खोली बाराही महिने, आठही प्रहर सुखाची व्हावी अशी अपेक्षा सुरू झाली, जी या हवेत यंत्राशिवाय पुरी होत नाही. दिवसात आणि ऋतूत वापर बदलण्याची ज्या घराला सवय होती, त्याला शतकात वापर बदलणे जड गेले नाही.

याचा सर्वात ठळक पुरावा साताऱ्यातच उभा आहे. प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास जुना राजवाडा बांधवला. त्याला लागून नवा राजवाडा उठला तो त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या काळात. आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राजा नाही म्हटल्यावर राजवाडा ओस पडायचा, पण तसे झाले नाही. नव्या राजवाड्यात पुढे जिल्ह्याचे न्यायालय भरू लागले आणि जुन्यात सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या दप्तरात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. दरबारासाठी घातलेल्या खणांत पन्नास वर्षांच्या आत वर्ग बसवता आले, हे त्या सांगाड्याचे कर्तृत्व. पण इमारतीचा वापर बदलला म्हणजे माणसांची वागणूकही बदलली असे होत नाही, आणि ही गोष्ट झाकून ठेवून या इतिहासाचा गौरव करता येणार नाही. साताऱ्यातल्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वास्तूने त्यांना आत घेतले आणि रूढीने आतल्या आत बाजूला बसवले.

सांगलीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे झाले आणि कृष्णाकाठी नवी राजधानी वसवली. गणेशदुर्गातल्या त्यांच्या दरबारात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. मराठी नाटकाचा पहिला रंगमंच हा असा राजवाड्यातलाच, दुसऱ्या कामासाठी बांधलेला दिवाणखाना होता. संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, आणि राजवाड्याच्या आवारात जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या.

राजवाड्यांचे असे बदल डोळ्यांत भरतात. परंतु माझ्या मते वापर बदलण्याचे सर्वात मोठे प्रकरण साध्या वाड्यांचे आहे, आणि त्याची दखल सर्वात कमी घेतली गेली आहे. वाडा हा कधीच केवळ भाड्याच्या किंवा पगाराच्या पैशावर चालणारा नव्हता. इनाम, वतन, खंडाचे धान्य यांच्या जोरावर दर वर्षी शाकारणी, दर काही वर्षांनी चुन्याचा गिलावा आणि पाहुण्या-रावळ्यांसह चाळीस माणसांची पंगत चालत असे. १९४८ मध्ये हा आधार दोन बाजूंनी सुटला. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यातले ब्राह्मणांचे अनेक वाडे जळाले आणि कित्येक कुटुंबांनी गाव कायमचे सोडले. त्याच वर्षी कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढू लागली. मधल्या काळात कुलकर्णी वतनेही रद्द झाली. जाळपोळ हा अन्याय होता. जमिनीचे कायदे न्यायाचे होते, आणि ते फार आधी यायला हवे होते. दोन्हींचा परिणाम वाड्यावर मात्र सारखाच झाला. शाकारणीचा पैसा थांबला. मग साताऱ्याच्या शनिवार, गुरुवार, यादोगोपाळ पेठांत आणि सांगलीच्या गावभागात, खणभागात वाड्यांची बिऱ्हाडे झाली. दोन खणांत शिक्षकाचे कुटुंब, पलीकडच्या तीनांत कारकुनाचे, देवडीत सायकल दुरुस्ती, ओसरीवर शिकवणी, मागच्या अंगाला पिठाची गिरणी. चौकातला नळ आणि परसातली न्हाणी सगळ्यांची मिळून. एका घराण्यासाठी बांधलेल्या छपराखाली आठ-दहा कुटुंबे राहू लागली आणि त्या पिढीचा शहरातला निवाऱ्याचा प्रश्न बराचसा या जुन्या लाकडाने उचलला. हे कोणा वास्तुविशारदाने आखलेले नव्हते. घरमालक, भाडेकरू आणि सुतार यांनी मिळून ते जमवले.

यावर आक्षेप येईल की याच बिऱ्हाडांनी वाड्यांची दैना केली. त्यात तथ्य आहे, पण दोष भाडेकरूंच्या माथी मारणे बरोबर नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि १९९९ चा नवा कायदा २००० च्या मार्चअखेर लागू होईपर्यंत ती जवळजवळ तशीच राहिली. महिन्याच्या भाड्यात एक पोते चुनाही येत नसे. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली वाटेना, आणि कौलांतून गळणारे पाणी तुळईच्या टोकाशी, भिंतीत गेलेल्या भागात, मुरत राहिले. लाकूड नेमके तिथेच कुजते. गोठलेल्या भाड्याने भाडेकरूचे छत राखले हेही खरे, आणि त्याची किंमत लाकडाने मोजली हेही खरे. त्यातच शहरात चटईक्षेत्राचे भाव चढले आणि वाड्याखालच्या जागेला वाड्याहून जास्त मोल आले. तेव्हापासून वाडा पाडणे हाच बहुतेकांना शहाणपणाचा व्यवहार वाटू लागला.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. वाडा ही उतरंडीची रचना होती: कोणी ओट्यापर्यंत यायचे, कोणी सोप्यावर, कोणी देवडीच्या बाहेरच उभे राहायचे. बायकांचे जग माजघर आणि मागील दार यांच्यामध्ये. मग ते घर राखण्याचा हट्ट कशाला? मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच वाडा 'जसाच्या तसा' राखण्याला माझा विरोध आहे. ती उतरंड लाकडात नव्हती, उंबऱ्यांच्या नियमांत होती, आणि नियम मोडण्याची सोय लाकडाने दिली. साताऱ्याच्या राजघराण्याच्या धनिणीच्या बागेत भाऊराव पाटलांचे शाहू बोर्डिंग चालले. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवताना त्यांनी पाहिली. प्रतापसिंह हायस्कूलच्या कोपऱ्यातल्या त्या गोणपाटापासून इथपर्यंत सत्तावीस वर्षे गेली. मालमत्ता दोन्हीकडे राजघराण्याचीच. फरक पडला तो आत काय चालू द्यायचे हे कोणी ठरवले त्याने.

वापर न बदलता राखलेल्या वाड्याचे काय होते याचे उत्तम उदाहरण वाईजवळ मेणवलीला आहे. नाना फडणविसांना हे गाव १७६८ मध्ये मिळाले. कृष्णेच्या काठी त्यांनी वाडा, घाट आणि मेणेश्वराचे देऊळ बांधले. देवळाजवळची मोठी घंटा वसईच्या स्वारीतून आलेली. सहा चौकांचा हा वाडा, त्यातली भित्तिचित्रे आणि तिथे सांभाळले गेलेले, संशोधकांना 'मेणवली दप्तर' म्हणून ठाऊक असलेले कागद, यांचे मोल मोठे आहे. असे काही थोडे वाडे खरोखरच हात न लावता ठेवावेत. परंतु अशा वाड्याला आज उत्पन्न कुठून येते? पर्यटकांकडून आणि चित्रपटवाल्यांकडून. 'मृत्युदंड' आणि 'स्वदेस' यांचे चित्रीकरण मेणवलीत झाले. वर्षातले काही दिवस गजबज आणि एरवी शांतता. लाकडी घराला ही शांतता मानवत नाही. चूल पेटत नाही म्हणून धूर नाही, धूर नाही म्हणून कडीपाटात कीड. रोज सारवण नाही, म्हणून भेग वेळेवर दिसत नाही. म्हणून दोन-चार वाडे संग्रहालयासारखे ठेवावेत, आणि बाकी शेकडो वाड्यांसाठी रोज माणूस वावरेल असे काम शोधावे.

उरतो भूकंपाचा आणि पुराचा प्रश्न. या दोन जिल्ह्यांना तो टाळता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दगडमातीची घरे झोपवली आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसे अशाच भिंतींखाली गेली. तेव्हापासून 'मातीचे घर' म्हणजे मृत्यू असे समीकरण पक्के झाले. पण किल्लारीच्या ढिगाऱ्यांत एक गोष्ट पाहणी करणाऱ्यांना दिसली होती: जिथे छपराचा भार खांबांवर होता तिथे दगडी भिंती कोसळूनही छप्पर पुष्कळदा खांबांवर तसेच राहिले, आणि जिथे तुळया थेट भिंतीत खोचलेल्या होत्या तिथे सगळेच खाली आले. म्हणजे धोका दोन फूट रुंद, आतून पोकळ, दगडगोट्यांनी भरलेल्या भिंतीचा आणि धाब्यावर वर्षानुवर्षे चढवत गेलेल्या मातीच्या थराचा. दोन्ही कमी करता येतात, सांगाडा ठेवून. पुराबाबत मात्र मी असा बचाव करणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांपलीकडे गेले. आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत आपले बळ सोडते, त्याला इलाज नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे हाच धडा दुसऱ्या बाजूने देतात. तिथल्या मातीत खणलेल्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, कारण जमिनीखाली उष्णता स्थिर आणि हवा कोंडलेली. २००५ च्या पुरात पाणी शिरले आणि पेवांचा मोठा भाग निकामी झाला. माती उष्णतेविरुद्ध सोबती आहे, साचलेल्या पाण्याविरुद्ध नाही. पूररेषेतल्या वाड्याचा तळमजला दगड-चुन्याचा करून मोकळा, सामान चटकन हलवता येईल अशा कामाला द्यावा आणि राहणे माडीवर न्यावे, एवढेच तिथे शहाणपणाचे.

आता नव्या घरांकडे. पाचगणीच्या वाटेवर, कासकडे, वाईच्या आसपास बंगल्यांतून 'वाड्याचा फील' देण्याची चढाओढ आहे. जुन्या बाजारातून आणलेले कोरीव खांब काँक्रीटच्या खांबाला चिकटवलेले, चौकावर काच, आणि काचेखाली तापलेली हवा बाहेर ओढायला यंत्र. या खांबांसाठी कुठलातरी खरा वाडा उतरवलेला असतो. इजिप्तमध्ये हसन फतहींनी १९४०च्या दशकात लुक्सरजवळ नवे गुर्ना हे मातीचे गाव अतिशय प्रेमाने आणि जाणकारीने बांधले, तरीही ज्यांच्यासाठी बांधले त्यांतले बहुतेक तिथे राहायला गेले नाहीत, कारण त्यांचे पोट जुन्या गावाशी बांधलेले होते. मग नुसत्या रूपावर उभारलेल्या वाड्याचे काय होणार? जुन्याचे रूप घेण्याची मुळात गरजच नाही, कारण त्याचे तत्त्व आपल्या हाती आधीच आहे. आरसीसीचे घर म्हणजे खांब, तुळई आणि मधल्या आडोशाच्या भिंती. खणाचाच तो वारस आहे. दोन खोल्यांची एक करायची, हॉलचे दुकान करायचे, हे त्यात आजही होते. चुकले ते छपरात. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि नेमके रात्री, माणसे खाली झोपतात तेव्हा, ते खोलीत सोडतो. धाब्याची हातभर माती नाही, की पोटमाळा नाही.

आणि यावर लोकांनी स्वतःच इलाज काढला आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही उंचावरून पाहावे: स्लॅबवर लोखंडी खांब आणि पत्र्याची शेड. ती दिसायला ओबडधोबड आहे, नियमाने बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, पण उष्णतेच्या दृष्टीने ती पोटमाळ्याचीच पुनर्रचना आहे. ऊन पत्र्यावर पडते, खालून वारा वाहतो, स्लॅब सावलीत राहतो आणि गळतीही थांबते. शेडखाली पापड वाळतात, बारशाची पंगत बसते, मुले अभ्यास करतात, कधी शिलाईचे यंत्र चालते. हा या काळातला आपला खराखुरा वापरबदल आहे. १९७०-८० च्या दशकांत बांधलेले बंगले आता म्हातारे होऊ लागले आहेत, आणि पुढच्या वीस वर्षांत पाडायचे की वापर बदलायचा हा प्रश्न वाड्यांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त पडणार आहे. त्यांतले कित्येक भारवाही विटांच्या भिंतींचे आहेत, त्यांत खणाची मोकळीक नाही, म्हणून भिंत फोडण्याआधी भार कुठून उतरतो हे तपासलेच पाहिजे. नगरपालिकांनी मात्र पत्र्याची शेड आणि वाढीव मजला यांत फरक करायला शिकावे. चारही बाजूंनी उघडी, पत्रा आणि स्लॅब यांत पुरुषभर अंतर असलेली, वाऱ्याने उडणार नाही अशी जखडलेली शेड असेल तर तिला बांधकाम न धरता छप्पर धरावे आणि परवानगी एका अर्जावर द्यावी. तिच्या बाजू विटांनी बंद झाल्या की ती खोली होते, तापते, आणि तिथून पुढे चटईक्षेत्राचा नियम लागू व्हावा.